गांधार ट्यूनिंग आणि समविभाजित सप्तक: पट्ट्या तितक्याच, जागा वेगळ्या
हार्मोनियमच्या सप्तकात बाराच पट्ट्या असतात, म्हणून ती बेसूर, हे विधान अजूनही ठामपणे केले जाते आणि ते चुकीचे आहे. गांधार ट्यूनिंगच्या, म्हणजे तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराशी जुळवून स्वर लावलेल्या पेटीतही पट्ट्या बाराच असतात; बदलतात त्या स्वरांच्या जागा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही ही अडचण दोन्ही प्रकारच्या पेट्यांत सारखीच असल्याने ती या चर्चेत आणू नये. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, त्या काळच्या वादातही या दोन तक्रारी एकत्रच मांडल्या गेल्या होत्या.

समविभाजित, म्हणजे बारा समान टप्प्यांत वाटलेल्या सप्तकात लगतच्या कोणत्याही दोन स्वरांचे गुणोत्तर सुमारे 1.0595 असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरल्यास तेथील पंचम 359.6 येतो आणि तो शुद्ध पंचमाच्या 360 च्या इतका जवळ असतो की केवळ षड्ज-पंचम ऐकून पेटीची पारख करण्यात अर्थ नाही. पारख गांधारावर होते. तंबोऱ्याच्या 120 च्या खर्जातून, म्हणजे खालच्या षड्जाच्या तारेतून, 600 चा स्वयंभू (आपोआप निघणारा) गांधार उमटतो. समविभाजित पेटीचा गांधार 302.4 असल्याने त्याची दुप्पट 604.8 होते आणि दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला सुमारे पाच वेळा हेलकावतो. गांधार ट्यूनिंगमध्ये तो नेमका 300 ठेवतात, म्हणून तो तंबोऱ्यात विरघळतो.

खरा घोटाळा पुढे होतो. गांधार ट्यूनिंग केलेली पेटी कोणत्याही पट्टीत, म्हणजे कोणताही स्वर षड्ज मानून, शुद्ध वाजेल, असे गृहीत धरले जाते. त्या पेटीत षड्ज 240, रिषभ 270 आणि धैवत 400 असेल, आणि गायकाने रिषभालाच षड्ज मानले, तर त्याला पंचम 405 हवा. हाती मात्र 400 चाच धैवत येतो, आणि हा उणेपणा कोणत्याही कानाला खुपतो. स्केलचेंजर ही पट्टी बदलण्याची सोय बोटांखालच्या पट्ट्या सरकवते, आतले सूर (आवाज देणाऱ्या धातूच्या जिभल्या) मात्र जागच्या जागी राहतात, त्यामुळे अशा पेटीला स्केलचेंजर बसवून घेणे मला निव्वळ अपव्यय वाटतो. पट्टी वारंवार बदलावी लागणाऱ्या संगतकाराने समविभाजित पेटीच घ्यावी. स्वतंत्र वादन करणाऱ्याने, किंवा एकाच गायकाच्या ठरलेल्या पट्टीत साथ करणाऱ्याने, गांधार ट्यूनिंगखेरीज दुसरा विचार करू नये, आणि सूर लावून घेताना आपला षड्ज कोणत्या पट्टीवर आहे हे कारागिराला आधी सांगावे.