अपंग बायकांना हिंसाचारानंतर मिळणारी मदत (भारत)

मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घरातला छळ झाल्यावर अपंग (सरकारी कागदावर दिव्यांग) बाई पोलीस, दवाखाना, कोर्ट, निवारा इथपर्यंत पोचू शकते का, हा विषय. कायदा वाचला तर बरा वाटतो, घोडं अडतं पोचण्यापाशी.

निर्भया प्रकरणानंतर 2013 ला फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर अपंग बाईला स्टेशनात जायची गरज नाही, पोलिसांनीच तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे यायचं, सोबत दुभाषी नाहीतर विशेष शिक्षक आणायचा आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग करायचं. मॅजिस्ट्रेटसमोरचा असा जबाब खटल्यात सरतपासणी म्हणून धरतात, म्हणजे तेच परत पहिल्यापासून सांगायला नको. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम 173 आणि 183 मध्ये आहे.

आता दुभाष्याचंच बघा. शाळेत न गेलेल्या कितीतरी कर्णबधिर बायकांना भारतीय सांकेतिक भाषा येतच नाही, त्यांच्या घरगुती खाणाखुणा असतात आणि त्या कळतात फक्त आई, भाऊ, जावेला. मग आरोपी घरातलाच असला तर दुभाषी कोण होणार? अशा वेळी चित्रं, बाहुल्या, ओळखीची शिक्षिका असं काहीतरी जुळवावं लागतं.

दुसरी गोची म्हणजे छळणाराच बऱ्याचदा सांभाळणारा असतो. व्हीलचेअर लांब ठेवणं, गोळ्या न देणं, पेन्शनचं पासबुक काढून घेणं, हे बाहेरच्याला मारहाणीसारखं दिसत नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात अपंगत्वासाठी वेगळं काही नाही. 2016 च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 7 मात्र कामाचं आहे: शेजारीण, संस्था, कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला (आपल्याकडे बहुधा तहसीलदार) कळवू शकतं आणि ते तिला बाहेर काढायचा आदेश देऊ शकतात. किती शेजारणींना हे माहीत असेल देव जाणे. बाहेर काढल्यावरचा प्रश्न वेगळाच, 2015 पासूनच्या सखी वन स्टॉप सेंटरमधला (हिंसाचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) मुक्काम साधारण 5 दिवसांचा, आणि महिलांसाठीची 181 हेल्पलाइन मुळात फोनवर बोलता-ऐकता येणाऱ्यांची.

कोर्टाकडून एप्रिल 2021 मध्ये महत्त्वाचा निकाल आला, पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश. जन्मांध दलित तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं, ती ओळख सुप्रीम कोर्टाने मान्य केली आणि अपंगत्व आहे म्हणून साक्ष कच्ची धरायची नाही असं स्पष्ट सांगितलं.

महाराष्ट्रात मुंबई पोलिसांकडे 1984 ला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात हिंसाचार झालेल्या बायकांसाठी दिलासा नावाचं केंद्र आहे. पण याच राज्यात 1994 ला शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, कारण दिलं पाळीच्या स्वच्छतेचं. बराच गदारोळ झाल्यावर ते थांबलं. त्यातल्या कुणालाही तक्रार करायला कुठे जायचं हे सांगणारं माणूस त्या वसतिगृहाबाहेरूनच यावं लागलं असतं.