भू-समर्पण आणि केबल फ्रँचायझी : अमेरिकेतील स्थानिक मंजुऱ्या

भू-समर्पण म्हणजे मोकळ्या जमिनीचे प्लॉट पाडताना रस्ते, बागा, शाळा, सांडपाण्याच्या वाहिन्या यांसाठी लागणारी जागा मालकाने सार्वजनिक वापरासाठी सोडणे. केबल फ्रँचायझी म्हणजे शहराच्या रस्त्यांखालून वा खांबांवरून तारा नेण्यासाठी केबल कंपनीला दिलेली मुदतबंद परवानगी. अमेरिकेत हे दोन्ही विषय नगर परिषदा आणि काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) मंडळांच्या कार्यपत्रिकेवर वर्षानुवर्षे येत आले आहेत. दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : परवानगी देण्याचा अधिकार हाती असलेल्या संस्थेने तिच्या बदल्यात काय आणि किती मागावे?

कॅलिफोर्नियात ही प्रक्रिया सबडिव्हिजन मॅप अ‍ॅक्टप्रमाणे चालते. विकासक आधी तात्पुरता नकाशा सादर करतो. खरी चर्चा आणि अटी याच टप्प्यावर ठरतात. त्या अटी पुऱ्या केल्या असतील तर अंतिम नकाशा मंजूर करण्यावाचून परिषदेला पर्याय राहत नाही. अंतिम नकाशावर मालक रस्त्यांची व इतर जागा सार्वजनिक वापरासाठी देऊ करतो, पण एवढ्याने समर्पण पुरे होत नाही. परिषदेने ते स्वीकारावे लागते. रस्ता नाकारला गेला, तर त्याची देखभाल शहराकडे येत नाही. मात्र मालकाने देऊ केलेला रस्ता कायद्याने पुढेही देऊ केलेलाच मानला जातो, आणि परिषद नंतर कधीतरी ठराव करून तो ताब्यात घेऊ शकते. नकाशावर रस्ता दिसतो आणि डांबर टाकायला कोणी येत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. घर घेणाऱ्याने नकाशाबरोबर स्वीकृतीचा ठरावही पाहावा.

बागांसाठी त्याच राज्यात क्विम्बी अ‍ॅक्ट आहे. त्यानुसार वसाहतीत येणाऱ्या दर 1,000 रहिवाशांमागे 3 एकर, आणि शहरात आधीपासून बागांचे प्रमाण जास्त असल्यास 5 एकरांपर्यंत जागा मागता येते. 50 किंवा त्याहून कमी प्लॉटांच्या लेआउटकडून जागेऐवजी पैसेच घेता येतात. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने वॉलनट क्रीक शहराविरुद्ध या तरतुदीला आव्हान दिले, पण 1971 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. इलिनॉय राज्यात 1961 मध्येच वेगळा सूर लागला होता. माउंट प्रॉस्पेक्ट गावाने शाळेसाठी मागितलेली जागा त्याच वसाहतीमुळे निर्माण झालेल्या गरजेपोटी आहे असे दाखवता येत नाही, म्हणून ती फुकट घेता येणार नाही, असे तिथल्या न्यायालयाने म्हटले. एकाच देशातल्या दोन राज्यांचे नियम इतके भिन्न होते.

देशभराची चौकट घडायला सुरुवात झाली ती एका केबल प्रकरणाच्या आधाराने. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने घरमालकांना इमारतीवर केबल बसवू देणे भाग पाडले होते आणि त्याचा मोबदला एकरकमी 1 डॉलर ठरला होता. मॅनहॅटनमधल्या एका इमारतीच्या छतावरच्या तारा आणि छोट्या पेट्यांवरून वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 1982 च्या लॉरेटो निकालाने सांगितले की दुसऱ्याच्या मालमत्तेवर कायमचा भौतिक ताबा, मग तो कितीही लहान असो, म्हणजे संपादनच. त्याचा मोबदला दिला पाहिजे. पाच वर्षांनी हाच निकाल समुद्रकिनाऱ्यावरच्या एका बंगल्याच्या कामी आला. कॅलिफोर्नियाच्या व्हेंचुरा काउंटीत नोलन कुटुंबाला जुने घर पाडून मोठे बांधायचे होते. नव्या घरामुळे रस्त्यावरून समुद्र दिसणार नाही, म्हणून लोकांना त्यांच्या जागेतून किनाऱ्याने चालत जाऊ द्यावे, अशी अट किनाऱ्यावरच्या बांधकामांना परवानगी देणाऱ्या राज्याच्या कोस्टल कमिशनने घातली. दृष्टी अडते याचा आणि वाळूवरून चालण्याचा काय संबंध, असा न्यायालयाचा सवाल होता. 1987 च्या या निकालाने अट आणि तिचे कारण यांत खरे नाते असलेच पाहिजे असे ठरवले.

नाते असले तरी माप किती? याचे उत्तर ओरेगनमधल्या टिगार्ड शहराच्या प्रकरणाने दिले. फ्लॉरेन्स डोलन यांचे प्लंबिंग व विजेच्या सामानाचे दुकान फॅनो क्रीक या ओढ्याकाठी होते. ते 9,700 वरून 17,600 चौरस फुटांपर्यंत वाढवायचे आणि वाहनतळावर फरसबंदी करायची, असा त्यांचा बेत होता. शहराने पूरपट्ट्यातली जागा हरितपट्ट्यासाठी आणि तिला लागून 15 फुटांची पट्टी पादचारी-सायकल मार्गासाठी मागितली. मिळून ती त्यांच्या जमिनीच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी भरत होती. फरसबंदीने पाणी जास्त वाहील आणि मोठ्या दुकानाने रहदारी वाढेल, हे न्यायालयाने मान्य केले. पण पूरपट्टा बांधकामापासून मोकळा ठेवणे एक आणि तो लोकांना खुला करणे दुसरे. सायकल मार्गामुळे रहदारी कमी ‘होऊ शकेल’ एवढे म्हणून भागत नाही, प्रत्यक्ष परिणामाशी मागणीचे ढोबळ का होईना प्रमाण जुळले पाहिजे आणि ते दाखवण्याची जबाबदारी शहराची, असा 1994 चा निकाल 5 विरुद्ध 4 मतांनी लागला. माझ्या मते या साऱ्या विषयातला हा सर्वांत उपकारक निकाल आहे. त्याने शहरांचे हात बांधले नाहीत. आकडेमोड करून मगच मागायला शिकवले.

2013 च्या कूंट्झ निकालाने पैशांच्या मागण्यांनाही ही कसोटी लावली. 2024 मध्ये एल डोराडो काउंटीने एका लहान प्रीफॅब घरासाठी घेतलेल्या 23,420 डॉलर वाहतूक शुल्कावरून शीट्झ निकाल आला : अट अधिकाऱ्याने घातली की मंडळाने कायदा करून घातली, यावरून सूट मिळत नाही. सरसकट दरपत्रकाने लावलेल्या शुल्कांची छाननी किती बारकाईने करायची, हे मात्र न्यायालयाने तेव्हा ठरवले नाही.

केबलची कथा वेगळ्या वाटेने गेली. सत्तरच्या दशकाअखेर कंपन्या शहरांकडे रांगा लावत आणि फ्रँचायझी मिळवण्यासाठी भरमसाट आश्वासने देत. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने नव्या स्पर्धकांना वाव मिळावा म्हणून जुन्या कंपनीचा विस्तार तीन महिने रोखला. तेव्हा 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून आपोआप संरक्षण नाही असे सांगितले. 1984 च्या केबल कायद्याने शहराच्या अधिकाराला मान्यता दिली, पण शुल्काला केबल सेवेच्या एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांची मर्यादा घातली. लोकांसाठी, शिक्षणासाठी आणि शासकीय कामकाजासाठी वाहिन्या मागण्याची मुभाही दिली. परिषदेच्या सभा घरबसल्या पाहता येऊ लागल्या त्या याच वाहिन्यांमुळे. वस्तीचे उत्पन्न कमी म्हणून तिला केबल नाकारू नये, हेही त्यात आहे. भू-समर्पणाशी याचा थेट सांधा असा की सुसंगत वापरासाठी समर्पित केलेल्या पट्ट्यांतून तारा नेण्याचा हक्क याच कायद्याने फ्रँचायझीधारकाला दिला. प्लॉट पाडताना वीज-टेलिफोनसाठी सोडलेली पट्टी अशी केबललाही खुली झाली.

1992 च्या दुरुस्तीने एकाच कंपनीला मक्ता देण्यावर बंदी आली. 2005 मध्ये टेक्सासने आणि 2006 मध्ये कॅलिफोर्नियाने फ्रँचायझी देण्याचे काम राज्याकडे घेतले. शुल्क शहरांना मिळत राहिले, वाटाघाटीची खुर्ची मात्र गेली. छोट्या गावांचे त्यात खरे नुकसान झाले, कारण शाळेला जोडणी द्या, स्टुडिओ उभारा, असे आपापल्या गरजेचे मागणे मांडायची जागाच उरली नाही.

महाराष्ट्रात लेआउटचा भाग ओळखीचा आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 0.4 हेक्टर व त्याहून मोठ्या जागेत 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. केबलची पद्धत मात्र निराळी. 1995 च्या केंद्रीय कायद्याखाली केबलचालकाची नोंदणी 2025 च्या सुरुवातीपर्यंत डाकघरात होत असे, नगरपालिकेकडून फ्रँचायझी घ्यावी लागली नाही.

अमेरिकेत आता प्रेक्षक केबल सोडून इंटरनेटवरून कार्यक्रम पाहतात. 5 टक्क्यांचे शुल्क केबल सेवेच्या उत्पन्नावर आहे, त्याच तारेतून जाणाऱ्या ब्रॉडबँडवर नाही. त्यामुळे रस्त्याखालची तार तीच असूनही शहराचा वाटा दरवर्षी आटत चालला आहे.