आयसीयूतली अँटिबायोटिक्स आणि केमिस्टचं रजिस्टर : पार्श्वभूमी

आयसीयूतल्या रुग्णाच्या कल्चर रिपोर्टमध्ये (नमुन्यातला जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) क्लेबसिएला किंवा असिनेटोबॅक्टर हा जंतू निघाला, की औषधांपुढे ओळीने 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) लागलेले दिसतात आणि नजर कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जाऊन थांबते. मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून हे जुनं औषध कधीच बाजूला पडलं होतं. मेरोपेनेमच्या गटातली औषधं निकामी होऊ लागली, तेव्हा ते पुन्हा बाहेर काढावं लागलं.

आपल्याकडे या विषयाला तोंड फुटलं ते २०१० मध्ये. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात सापडलेल्या, मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणाऱ्या जंतूंच्या एन्झाइमला नवी दिल्लीचं नाव दिलं होतं. मेडिकल टुरिझमविरुद्धचा कट म्हणून त्यावर गदारोळ झाला. २०११ मध्ये दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत त्याच एन्झाइमचं जनुक निघालं, तेव्हाही चर्चा बदनामीचीच.

त्याच धांदलीत एक प्रस्ताव आला: वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स फक्त मोठ्या, टर्शरी (विशेष उपचारांच्या) रुग्णालयांनाच पुरवायची. केमिस्ट आणि कंपन्या बिथरल्या, यात नवल नाही. पण तालुक्याच्या गावी सेप्सिसचा (संसर्ग जिवावर बेतलेला) रुग्ण आला तर त्याने शहर गाठेपर्यंत वाट पाहायची का, हा डॉक्टरांचा प्रश्न खोटा नव्हता. प्रस्ताव मागे पडला आणि १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे केमिस्टने नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी, लागू झालं. ४६ औषधं, लेबलवर लाल चौकटीत इशारा, आणि रुग्णाचं व डॉक्टरचं नाव, औषध नि त्याचं प्रमाण लिहिलेलं रजिस्टर ३ वर्षं जपायचं. मेरोपेनेम यादीत आलं. कोलिस्टिन आणि खोकल्या-तापाला सर्रास दिलं जाणारं ॲझिथ्रोमायसिन मात्र मूळ यादीत नव्हतं.

नियम काउंटरवर नजर ठेवतो. आयसीयूत जंतू पसरतात ते हातांवरून, व्हेंटिलेटरच्या नळीतून, कॅथेटरमधून. कल्चरचा रिपोर्ट यायला २-३ दिवस लागतात. तोवर मेरोपेनेम सुरू झालेलं असतं, आणि रुग्ण जरा सावरला की ते बंद करायची जबाबदारी कुणी पटकन घेत नाही. रजिस्टरमध्ये याची नोंद कशी होणार?

२०१७ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर बंदी आली, ती बरीच उशिरा. २०२० पासून अमेरिकी प्रयोगशाळा-मानकांनी कोलिस्टिनपुढचा 'एस' (ससेप्टिबल, म्हणजे औषध चालतं) काढूनच टाकला. आता तिथे एक तर 'आय' (इंटरमीडिएट, म्हणजे मधलं), नाही तर 'आर'.