लवंग कुणी घातली? विटबियर आणि हेफेवायझन

आमचे दाजी सांगलीच्या गणपती पेठेत मसाल्याचा व्यापार करतात. हळद, धने, लवंग, जायफळ ह्यांत अर्धं आयुष्य गेल्यामुळं वासाच्या बाबतीत त्यांच्यापुढं आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्यासमोर दोन ग्लास ठेवले. दोन्हींत फिकट पिवळी, गढूळ बियर, दोन्हींवर बोटभर पांढरा फेस. डावा ग्लास नाकाशी नेला आणि लगेच म्हणाले, "धने. अन् संत्र्याची साल." उजव्याला वेळ लागला. दोनदा हुंगला, एक घोट तोंडात घोळवला, परत हुंगला. "ह्यात लवंग घातलीय. आणि केळं पण हाय का रं?"

डाव्या ग्लासाचं त्यांनी अचूक ओळखलं. उजव्यात मात्र लवंगही नव्हती आणि केळंही नव्हतं. पाणी, गहू, बार्ली, हॉप्स (बियरला कडूपणा देणारी फुलं) आणि यीस्ट, एवढ्यावर ती बियर झाली होती. दाजींना हे पटवायला मला पुढचा अर्धा तास लागला, आणि तेव्हाच ठरवलं की ह्या दोघींवर एकदा नीट लिहायचं.

डावी विटबियर, बेल्जियमची. उजवी हेफेवायझन, जर्मनीतल्या बव्हेरियाची. घोटाळा नावापासूनच सुरू होतो. फ्लेमिश भाषेत 'विट' म्हणजे पांढरा, आणि बव्हेरियात हेफेवायझनला सर्रास 'वाइसबियर' म्हणतात, त्याचाही अर्थ पांढरी बियरच. 'हेफे' म्हणजे यीस्ट आणि 'वायझन' म्हणजे गहू. दोन्ही गव्हाच्या, दोन्ही न गाळलेल्या, दोन्हींत कडूपणा नावाला आणि अल्कोहोल साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. दुकानात 'व्हीट बियर' मागितली तर ह्यांतली कुठलीही हातात पडते.

पहिला फरक गव्हातच आहे. हेफेवायझनला गहू मोड आणून वाळवलेला लागतो, त्यालाच माल्ट म्हणायचं, आणि एकूण धान्यात त्याचा वाटा निम्मा किंवा त्याहून जास्त असतो. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. मोड आले की धान्य गोडसर होतं, वाळवलं की त्याला खमंगपणा येतो. विटबियरमध्ये जवळपास निम्मा गहू कच्चा, मोड न आणलेला असतो, बाकी बार्लीचं माल्ट, कधी मूठभर ओट्स. कुरडयांसाठी गहू भिजत घालून तिसऱ्या दिवशी वाटतात, तेव्हा त्या चिकाला जो दुधाळ, किंचित आंबूस वास येतो, त्याची पुसट आठवण मला चांगल्या विटबियरमध्ये दर वेळी होते. हेफेवायझनमध्ये ती कधीच होत नाही. तिथं ताज्या पावाचा मऊ वास असतो.

दुसरा फरक मसाल्याचा, आणि खरी गंमत इथंच आहे. विटबियरमध्ये मसाला हातानं घालतात. ठेचलेले धने आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल उकळताना पातेल्यात पडते. हेफेवायझनमध्ये असं काही घालायची सोयच नव्हती. बव्हेरियात 1516 साली फर्मान निघालं की बियरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही चालणार नाही. त्या यादीत गहूसुद्धा नाही! गव्हाची बियर करायचा हक्क डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याकडं खास सवलत म्हणून होता. 1602 मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क राज्यकर्त्या मॅक्सिमिलियनकडं गेला. साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झालं, ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, त्यामुळं ही गोष्ट वाचताना मला ती फार परकी वाटली नाही. पुढं गव्हाच्या बियरची चलती ओसरली आणि 1872 मध्ये गेऑर्ग श्नायडर नावाच्या बियर करणाऱ्यानं राजघराण्याकडून ती बनवायची परवानगी मिळवली. आज हेफेवायझन टिकून आहे त्यात त्याचा मोठा हात आहे.

मग लवंग आली कुठून? यीस्टकडून. गव्हाच्या आणि बार्लीच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. हेफेवायझनचं यीस्ट त्याचं रूपांतर 4-व्हिनाइल ग्वायाकोल ह्या द्रव्यात करतं. खऱ्या लवंगेचा वास युजेनॉलचा असतो. रसायन म्हणून ही दोन्ही चुलतभावंडं, म्हणूनच मसाल्यात मुरलेलं नाकही फसतं. केळ्याच्या बाबतीत तर दाजी चुकले म्हणणं अन्यायाचंच होईल. पिकलेल्या केळ्याला जो वास येतो तो मुख्यतः आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, आणि हे यीस्ट नेमकं तेच तयार करतं. केळं घातलेलं नव्हतं, पण केळ्याचा वास शंभर नंबरी खरा होता.

बियर करणारे हा तोल मुद्दाम सांभाळतात. भरडलेलं धान्य सुरुवातीला 43 ते 45 अंशांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवलं की फेरुलिक आम्ल जास्त सुटतं, आणि लवंग वाढते. पुढं यीस्टचं काम जरा उबेत होऊ दिलं की साधारणपणे केळं पुढं सरकतं. हाच लवंगेचा वास साध्या लागरमध्ये, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या नेहमीच्या बियरमध्ये, आला तर तो दोष धरतात.

विटबियरची कहाणी तर जवळजवळ संपलीच होती. बेल्जियममधल्या होगार्डन गावात ती शतकानुशतकं बनत होती, पण शेवटचा कारखाना 1957 मध्ये बंद पडला. त्याच गावात दुधाचा रतीब घालणारा पिएर सेलिस नावाचा माणूस तरुणपणी त्या कारखान्यात हाताखाली काम करायला जायचा. त्यानं 1966 मध्ये आठवणीच्या जोरावर ती बियर परत सुरू केली. गावाच्या एका चवीसाठी एका दूधवाल्यानं केलेली ही धडपड मला फार मोठी वाटते. आज जगात कुठंही विटबियर मिळते ती त्याच्यामुळं.

चाखलेल्या बियरची मी वही ठेवतो. आता तिच्यात गुण कसे द्यायचे? मी अमेरिकेतल्या बियर परीक्षकांच्या बीजेसीपी ह्या संस्थेची 50 गुणांची पद्धत वापरतो. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण परिणामाला 10. ह्या पद्धतीतली मोलाची गोष्ट म्हणजे बियर तिच्या स्वतःच्या जातीच्या मापानं मोजायची. मला हे समजायला वेळ लागला. सुरुवातीला मी एका उत्तम हेफेवायझनला "संत्र्याचा ताजेपणा नाही" म्हणून 24 दिले होते. ते पान मी फाडलं नाही, त्यावर तिरकी रेघ मारून खाली 39 लिहिलेत. देवगडचा हापूस रायवळसारखा रसाळ नाही म्हणून त्याचे गुण कापावेत, तसं मी केलं होतं.

ग्लासात ओतायची तऱ्हाही वेगळी. हेफेवायझन उंच, कमरेत बारीक ग्लासात ओततात. बाटलीत बोटभर उरली की बाटली गोल हलवायची आणि तळाचं यीस्ट सगळं वर ओतायचं, अर्धी चव त्यात असते. विटबियरला बुटका, जाड काचेचा ग्लास चालतो. फ्रिजमधून काढल्यावर विटबियर लगेच घ्यावी, हेफेवायझन पाच-दहा मिनिटं थांबवावी, फार गार असली की केळं झोपलेलं राहतं. लिंबाची किंवा संत्र्याची चकती दोन्हींत नको. तिनं फेस बसतो, आणि आपण ज्याला गुण देतोय तो वास बियरचा की चकतीचा हेच कळेनासं होतं.

सोबत भडंग नको. भडंगावर माझा फार जीव आहे, पण त्यातला लसूण आणि तिखट जिभेवर बसलं की पुढची पाच मिनिटं कुठलीच बियर नीट कळत नाही. साधा पाव आणि पाणी पुरतं. घोट लहान घ्यावेत. आमच्याकडं 330 मिलिलिटरच्या दोन बाटल्या चौघांत होतात आणि सगळे पंचविशीच्या पुढचे असतात.

इथल्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पारा चाळीसला जातो आणि ह्या दोन्ही बियर ताज्या असतानाच चांगल्या लागतात. एकदा उन्हाच्या कपाटात महिनोन्‌महिने उभी राहिलेली परदेशी विटबियर मी आणली. धन्यांचा वास जाऊन तिथं शिळ्या पालेभाजीसारखं काहीतरी आलं होतं, मागं ओल्या पुठ्ठ्याची चव. तिला मी गुणच दिले नाहीत, ती बियर तशी बनलीच नव्हती. तेव्हापासून बाटली भरल्याची तारीख आधी बघतो.

फरक नाकात बसवायचा असेल तर घरच्या दुसऱ्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगावेत, दोनांत एक बियर, तिसऱ्यात दुसरी. रंग दिसू नये म्हणून आम्ही स्टीलचे पेले वापरतो. वेगळा पेला ओळखायचा आणि का वेगळा ते सांगायचं. जर्मन बाजूला एर्डिंगर ठेवली तर जरा कठीण जातं, तिच्यात केळं-लवंग सौम्य असतं. वाइहेनश्टेफानर ठेवली तर नवख्यालाही कळतं. बेल्जियन यीस्टसुद्धा थोडी लवंग देतं, त्यामुळं नुसत्या लवंगेवर निकाल देऊ नये. धने, सालीचा आंबूसपणा आणि कोरडा शेवट असला तर विट. केळं आणि पावाचा मऊपणा असला तर हेफेवायझन.

परवा इकडंच बनलेली एक बाटली आली, वर नुसतं 'व्हीट' लिहिलेलं. वासात संत्रंही होतं आणि केळंही. दाजींनी डोळे मिटून दोन घोट घेतले. "धने हायत, पण जुने. दळून ठेवलेले." मी बाटली फिरवून घटक वाचले. कोरिअँडर छापलेलं होतं. वहीत ती विटबियरच्या पानावर गेली, 50 पैकी 28. केळ्यानं धने झाकले, हा शेरा दाजींच्या अक्षरात आहे.