आयरिशमधले 'एग' आणि 'एर'

आयरिश भाषेत 'बाळगणे' या अर्थाचं साधं क्रियापद नाही. 'ता' म्हणजे 'आहे', आणि बाकीचं काम शब्दयोगी अव्यय करतं. 'एग' म्हणजे जवळ, 'एर' म्हणजे वर. दोन्ही सर्वनामात मिसळून जातात: अगम, अगत (माझ्याकडे, तुझ्याकडे) आणि ओरम, ओर्त (माझ्यावर, तुझ्यावर). शिकणारे हमखास गोंधळतात ते इथेच.

'ता ल्याउर अगम' म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. 'ता ऑक्रस ओरम' म्हणजे मला भूक लागली आहे, शब्दशः 'भूक माझ्यावर आहे'. तहान, सर्दी, भीती, दुःख हे सगळं माणसावर येतं, म्हणून तिथे 'एर'. 'काद अता अगत?' म्हणजे तुझ्याकडे काय आहे? 'काद अता ओर्त?' म्हणजे तुला काय होतंय? कर्तव्यही अंगावरच असतं: 'ता ओरम दुल', मला जायला हवं.

पण 'मनातलं ते सगळं एर' असा नियम करू नका. भाषा येणं, ओळख, आदर, आशा यांना 'एग' लागतो. 'ता गेल्गे अगम' म्हणजे मला आयरिश येतं. आदराच्या वाक्यात तर दोन्ही येतात: बाळगणाऱ्याला 'एग', ज्याच्याबद्दल आदर त्याला 'एर'.

मराठी माणूस सर्वांत जास्त फसतो तो उधारीत. आपण म्हणतो, 'माझे तुझ्याकडे पाच युरो आहेत', म्हणजे 'कडे' देणेकऱ्याला. आयरिशमध्ये नेमकं उलट: 'ता कूग यूरो अगम ओर्त'. पैसे माझ्याकडे, ओझं तुझ्यावर. मराठीच्या सवयीने 'ता कूग यूरो अगत' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला एवढंच कळेल की तुझ्याजवळ पाच युरो आहेत. येणं बाकी आहे, हे त्यात कुठेच नाही. हे एक वाक्य घोकून ठेवावंच.

नाव आलं की आणखी एक फरक पडतो. 'एग' पुढच्या नावाला हात लावत नाही: 'ता ल्याउर एग शॉन'. 'एर' मात्र पहिलं व्यंजन मऊ करतो: 'ता ऑक्रस एर ह्यॉन'. शॉनचा ह्यॉन होतो, मॉर्याची वॉर्या. लिहिताना पहिल्या अक्षरानंतर 'ह'चं अक्षर घालायचं, आणि ते राहिलं तर चूक लगेच दिसते. शिवाय 'एर' एकटाच आला तर त्याचा अर्थ 'त्याच्यावर' असाही होतो: 'ता ऑक्रस एर', त्याला भूक लागली आहे. लिहिताना या 'त्याच्यावर'च्या 'एर'चं स्पेलिंग वेगळं असतं, त्यात एक 'आय' जास्त येतो. कानाला मात्र दोन्ही सारखेच लागतात.