तिरंगी लढतीतला आमचा अहवाल कसा वाचावा
(उमेदवार व प्रचार कार्यालयांसाठी)

आमच्या मतदार पाहणीचा अहवाल पोहोचला की तासाभरात फोन येतो, "चार टक्क्यांनी पुढे आहोत, म्हणजे सीट आली ना?" समोरासमोरच्या लढतीत याला काहीतरी उत्तर देता येतं. तिघं रिंगणात असले की आम्ही आधी ब्रिटनमधली २०१० ची निवडणूक सांगतो.

१५ एप्रिलला तिथे पक्षनेत्यांची पहिलीच टीव्ही चर्चा झाली. मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन, हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन आणि लिबरल डेमोक्रॅट्सचे निक क्लेग. क्लेग थेट कॅमेऱ्यात बघून बोलले आणि ब्राऊन "मी निकशी सहमत आहे" म्हणत राहिले. जनमत चाचण्यांत वीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारा क्लेग यांचा पक्ष चार दिवसांत तीस टक्क्यांना टेकला, काही चाचण्यांत तर पहिलाही आला.

मग बाकीचे जागे झाले. दुसऱ्या चर्चेच्या दिवशी सकाळी बरीच वृत्तपत्रं क्लेग यांच्यावर तुटून पडली. हुजूर पक्षाने त्रिशंकू संसदेची भीती घातली. तिसऱ्याला मत म्हणजे वाया, हा प्रचार आपल्यालाही काही नवा नाही. ६ मे रोजी रात्री दहा वाजता एक्झिट पोलने क्लेग यांना ५९ जागा दिल्या, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. प्रत्यक्षात ५७ मिळाल्या, मतं २३ टक्के. आधीच्या निवडणुकीपेक्षा मतं टक्काभर वाढली, जागा मात्र ६२ वरून घसरल्या! २९ टक्केवाल्या मजूर पक्षाला २५८ जागा होत्या. क्लेग यांच्या एकेका जागेमागे सुमारे १ लाख २० हजार मतं खर्ची पडली, मजूर पक्षाच्या जागेमागे ३३ हजारांच्या आसपास. शिडकावा सगळीकडे झाला, विहिरी थोड्याच भरल्या.

सर्वाधिक मतं त्याची जागा, ही पद्धत आपल्याकडेही आहे. म्हणून अहवालातला एकूण टक्का शेवटी बघा. आधी बूथनिहाय तक्ता उघडा आणि त्यातला "कच्ची मतं" हा रकाना वाचा. मतदानापर्यंत विचार बदलू शकतो असं सांगणारे त्यात असतात. सभा गाजली की एकूण टक्का उसळतो, तेव्हा हा रकानाही फुगलाय का ते तपासा. फुगला असेल तर गुलालाची ऑर्डर थांबवा.

चार टक्क्यांच्या आघाडीचं म्हणाल, तर हजार जणांच्या नमुन्यात एका पक्षाचा आकडा ३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. दोघांमधल्या फरकातली चूक याच्या दुपटीपर्यंत जाते. त्यामुळे अशा आघाडीला आम्ही अहवालात "अटीतटीची" लिहितो. यावरून नाराजी होते, पण शब्द बदलून मिळणार नाही.

पुढची फेरी साधारण दहा दिवसांनी करावी. रोजचा कल हवा असल्यास वेगळं दरपत्रक मागवा, मात्र रोजच्या आकड्यावर प्रचाराची दिशा रोज बदलायची असेल तर ते पैसे वाचवलेलेच बरे.