अल्तामुराचा पाव लवकर शिळा का होत नाही?

इटलीच्या बुटाच्या टाचेकडे, बारी शहरापासून साधारण ४५ किलोमीटर आत, मुर्जाच्या खडकाळ पठारावर अल्तामुरा आहे. तिथल्या एका जुन्या बेकरीत मी शिरलो तो काचेमागच्या मलईभरल्या गोल केकांकडे बघून. निघालो मात्र किलोभराचा पाव काखेत मारून. "आठवडाभर खा," गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या. आपल्याकडचा पाव तिसऱ्या दिवशी कोरडा तरी पडतो, नाही तर त्याला बुरशी तरी येते. मग हा आठवडाभर कसा टिकतो?

कापल्यावर आतून तो पिवळाधमक निघाला. हा रंग अंड्याचा नाही आणि हळदीचाही नाही. तो ड्युरम गव्हातल्या ल्युटिनसारख्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. ड्युरम म्हणजे आपला बन्सी. ज्याचा आपण शिरा करतो, तसाच रवा पुन्हा दळून बारीक करायचा आणि त्याचा पाव भाजायचा. या पावाला २००३ साली युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. त्याच्या नियमांत प्रमाणही ठरलेलं आहे: १०० किलो रव्याला २० किलो आंबवण, ६० लिटर पाणी, २ किलो मीठ. कवच किमान ३ मिलिमीटर जाड हवं.

टिकण्याचं निम्मं रहस्य आंबवणात आहे. इटालियनमध्ये त्याला 'माद्रे', म्हणजे आईच म्हणतात. आदल्या कणकेचा गोळा राखून ठेवायचा, त्याला पुन्हा पीठपाणी द्यायचं. आपण विरजण जपतो तसंच. यात यीस्ट असतंच, पण अशा आंबट कणकेत साधारणपणे एका यीस्टपेशीमागे शंभरेक लॅक्टिक आम्लाचे जीवाणू असतात. दही लावणाऱ्या आणि आंबोळीचं पीठ फुगवणाऱ्या जीवाणूंचेच हे भाऊबंद. त्यांतले बरेचसे लॅक्टिक आम्लाबरोबर थोडं ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्लही बनवतात. कणीक आंबट असली की या आम्लाचे रेणू विद्युतभाररहित राहतात आणि बुरशीच्या पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतात. आत गेल्यावर ते फुटतात, पेशीच आंबट होते आणि बुरशीची वाढ मंदावते.

पण शिळं होणं म्हणजे बुरशी येणं नव्हे. आणि ते नुसतं वाळणंही नव्हे, हे मला फार विलक्षण वाटतं. जाँ-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १८५२ सालीच दाखवलं होतं, की हवाबंद ठेवलेला, पाणी न गमावलेला पावसुद्धा शिळा होतो. भट्टीत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची मूळची रचना मोडते. थंड झाल्यावर त्यातल्या अमायलोपेक्टिन नावाच्या रेणूंच्या फांद्या हळूहळू पुन्हा एकमेकींना चिकटून स्फटिक होतात. फ्रिजमधला भात टणक होतो तो याचमुळे. फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगानं होते, म्हणून पाव कृपा करून फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर कापडात गुंडाळून ठेवा, किंवा थेट बर्फाच्या कप्प्यात.

ही क्रिया थांबत नाही, पण आत ओलावा जास्त असेल तर पाव उशिरा टणक होतो. इथे बन्सी कामाला येतो. त्याचा दाणा इतका कठीण, की बारीक दळताना स्टार्चचे बरेच कण फुटतात आणि फुटलेला स्टार्च जास्त पाणी शोषून धरतो. जाड कवच ते पाणी आत कोंडून ठेवतं. आंबवणातले काही जीवाणू चिकट बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, तयार करतात, त्यांचाही ओलावा राखायला हातभार लागतो.

हा पाव टिकाऊ असणं ही इथली गरजच होती. बायका घरी कणीक मळायच्या आणि गावच्या सामाईक भट्टीत भाजायला पाठवायच्या; भाजण्याआधी गोळ्यावर कुटुंबप्रमुखाच्या आद्याक्षरांचा शिक्का मारला जायचा. तोच पाव घेऊन मेंढपाळ आणि शेतकरी एकेक-दोनदोन आठवडे दूरच्या माळांवर राहायचे. कडक झालेल्या फोडी ते उकळत्या पाण्यात भिजवत आणि वर ऑलिव्ह तेल नि मीठ घालून खात.

आठव्या दिवशी पुण्यात मी तेच केलं. अमायलोपेक्टिनचे ते स्फटिक साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळतात आणि उकळतं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. सुरीला दाद न देणारी फोड दोन मिनिटांत चमच्यानं तुटण्याइतकी मऊ झाली, आणि तिचा आंबटपणा तेलातूनही जिभेला कळत होता.